जाहिरातदारांना जाब कोण विचारणार?

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, खकनार हे तहसिलीचे गाव आहे. त्याच जिल्ह्यात नेपानगरला वृत्तपत्री कागदाचा देशातील पहिला कारखाना उभा राहिला. १९५६ साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. वृत्तपत्रांना कागद पुरविणाऱ्या या मुलखातही आज बातमी कागदाच्या आधी मोबाइलवर येऊन थडकते, आणि तिच्यामागोमाग अफवाही.

अशा अफवेची किंमत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने पाहिली. मुले पळविणारी टोळी आली आहे, या व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या वदंतेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत मारहाण करून ठार केले. मारेकऱ्यांपैकी काहींना न्यायालयाने पुढे जन्मठेप दिली. पण अफवा ज्या वाहनातून आली, त्याच्या मालकाचे काय? त्या कंपनीने दहा दिवसांच्या आतच देशातील दैनिकांत पानभर जाहिराती देऊन खोटी बातमी कशी ओळखावी, याचे धडे वाचकांना दिले! त्याच महिन्यात, एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येणार नाही, असे बंधनही तिने भारतापुरते जाहीर केले. माणसे मेल्यावर जे घालता आले, ते आधी का घातले नाही? हा प्रश्न त्या जाहिरातीसमोरच्याच पानावर छापावयास हवा होता. जाहिरात घेणे गैर नव्हे. आम्हीही जाहिरातींवरच जगतो. तिच्यासोबत मौन विकणे मात्र गैर होय.

व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकच्या, म्हणजे आताच्या मेटाच्या, मालकीचे आहे आणि तिचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचेच. तिच्याकडे हिशेब मागता येतो, हे 'रिपोर्टर्स कलेक्टिव्ह'च्या पत्रकारांनी २०२२ साली दाखविले. फेसबुकवरील पाच लाखांहून अधिक राजकीय जाहिरातींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. दहा लाख वेळा दिसण्यासाठी भाजपला सरासरी ४१,८४४ रुपये, तर काँग्रेसला ५३,७७६ रुपये पडले, असे त्यांनी मांडले. आमचे नियम सर्वांना सारखेच, हे कंपनीचे उत्तर. दर ठरविणारे यंत्र मात्र तिच्याच कुलुपात आहे.

हे काम दिल्ली-मुंबईतच व्हावे असे नाही. निवडणुकीत आपल्या भागात कोणत्या जाहिराती फिरल्या, पैसे कोणी भरले, हे खकनारसारख्या गावच्या वार्ताहराने टिपून ठेवले तरी पुष्कळ होईल. अडचण अशी की, त्याच वार्ताहराला अनेक वृत्तपत्रे मानधन तुटपुंजे देतात आणि जाहिराती आणण्याचे उद्दिष्ट मात्र भरघोस देतात.