धाब्यावरची खारी

तापीच्या मळीत काळी माती कापसाला आणि उसाला भरभरून देते. घराच्या पायाला मात्र ती थारा देत नाही. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी आत ओढून फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर भिंत असेल तर तीही दरवर्षी वरखाली होते. म्हणून नंदुरबार-शहादा पट्ट्यातल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांनी ही माती शेतातच राहू दिली आणि भिंतींसाठी गावठाणातली पांढरी आणली.

ही पांढरी येते कुठून? बऱ्याच ठिकाणी ती जुन्या वस्तीचीच माती असते. पडलेल्या भिंती, चुलींची राख, चुना, हाडं, शेण हे सगळं शतकानुशतकं एकावर एक साचून तिची टेकाडं होतात. शहादा तालुक्यातल्या प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, पुरातत्त्व खात्याने १९५५ मध्ये अशाच एका टेकाडाचं उत्खनन केलं. तळाशी ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली आणि तिच्यावर पुढच्या अनेक काळांचे थर. आपल्याकडे भिंतीला लागणारी माती माणसांच्याच आधीच्या घरांनी तयार करून ठेवली आहे, हे कळलं की अशा साध्या मातीच्या भिंतीला हात लावतानाही अंगावर काटा येतो. शिवाय ती काळीइतकी फुगत नाही. भुसा घालून तुडवली आणि दोन हात जाडीची भिंत घातली, की वैशाखातलं दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तोवर घरची माणसं धाब्यावर झोपायला गेलेली असतात.

खरं नवल त्या धाब्याचंच. लाकडी खांब, तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या फळ्या किंवा पऱ्हाट्या, कडुनिंबाचा पाला, वर मातीचा थर, आणि हे सगळं जवळजवळ सपाट. कौल नाही, पत्रा नाही, सिमेंट नाही, आणि मृगाचा पाऊस थेट मातीवर पडतो. तरी घर गळू नये यासाठी शेवटचा थर असतो खारी मातीचा. शेतकरी जिच्यापुढे हात टेकतो, जिच्यात पाणी मुरत नाही आणि पीक धरत नाही, त्या चोपण जमिनीचीच ही बहीण.

चिकणमातीचे कण पत्त्यांच्या जोडासारखे चपटे असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम असलं, तर ते या चकत्यांना जवळ धरून त्यांचे गोळे बांधतं. गोळ्यांमधून पोकळ्या राहतात आणि पाणी त्यांतून खाली जातं. सोडियमला तेवढी पकड नाही. त्याचा एकेक आयन स्वतःभोवती पाण्याचं जाड कवच घेऊन बसतो, चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि त्या सुट्या चकत्या पोकळ्यांमध्ये जाऊन बसतात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे हे सुटणं आणखी वाढतं. म्हणजे जो पाऊस छप्पर भेदायला येतो, तोच त्याची छिद्रं बुजवतो! गळकी तळी बंद करायला आज जगभर सोडियम बेंटोनाइट नावाची माती वापरतात, तिची बरीचशी करामतही हीच.

अर्थात हे छप्पर बांधून विसरून जायचं नसतं. उन्हाने भेगा पडतात, वारा थर उडवतो. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी दरवर्षी नवी खारी टाकायची, ती चोपायची आणि पन्हाळाचं तोंड मोकळं करायचं. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, पावसाचा जोर वेगळा, तिथे उतरतं छप्पर आणि मातीने लिंपलेला बांबूचा कूड हेच रास्त.

आज गावोगाव स्लॅब पडतात आणि ते समजण्यासारखं आहे. दरसाल खारी वाहायला माणसं कुठून आणायची? पण स्लॅब आला म्हणून काळ्या मातीने स्वभाव बदललेला नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेले पाइल विकसित केले. भारतीय मानकानुसार खोल काळ्या मातीत ते निदान साडेतीन मीटर खाली जायला हवेत, कारण वरचा थर ऋतूंबरोबर हलतच राहतो. काळीत नवं घर बांधणाऱ्याने फरशीचा रंग ठरवण्याआधी पायाची ही खोली विचारावी, असं मला कळकळीने वाटतं.

खारीची परीक्षा घरीही घेता येते. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या, वाळलेलं छोटं ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला आणि पाणी गढूळच राहिलं, तर त्या मातीत सोडियमचं राज्य आहे. ऑस्ट्रेलियातल्या एमर्सन यांनी १९६७ मध्ये याच निरीक्षणावर मातीचं वर्गीकरण मांडलं आणि मातीची धरणं बांधणारे अभियंते आजही ही चाचणी घेतात. पेल्यात चिमूटभर जिप्सम टाकलं, तर कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, कण गोळा होऊन तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. चोपण शेत सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतो तो यासाठीच. धाब्यावर मात्र ते चुकूनही पडू द्यायचं नाही.