टिळकांच्या घरातली कृपा

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले. पुढे ते अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे राहिले. ते हिंदूच होते. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले.

परक्याला सामावून घेणारे हे घर त्याआधी एकदा मोडले होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी पत्नीला न कळवता मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षे ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई सोवळे पाळीत. एकाच संसारात दोन धर्म नांदले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, मनाला पटल्यानंतरचा.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात कृपा म्हणजे लायकी न पाहता मिळालेले देणे. संसारात तिचे रूप साधे असते: समोरच्याचे मन वळेपर्यंत थांबणे आणि झालेल्या दुखापतीचा हिशेब चुकता करण्याचा हट्ट सोडणे. टिळक थांबले, हे खरे. पण दुखापत लक्ष्मीबाईंची होती, आणि हिशेब सोडला तोही त्यांनीच. क्षमा बायकोनेच करायची, या जुन्या अपेक्षेला मात्र कृपा म्हणता येणार नाही. लक्ष्मीबाईंची क्षमा मुकी नव्हती. पतीचा तापटपणा, पैशाबद्दलची बेफिकिरी, आपले एकटेपण, सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने आणि हसत लिहिले. सत्य सांगूनही माया आटली नाही, म्हणून ती कृपा.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.