दाखवायचे पैसे आणि जगायचे पैसे

आमच्या वस्त्यांमधून आता परदेशी शिकायला जाणारी मुले-मुली निघू लागली आहेत. पूर्वी अमेरिका आणि इंग्लंड एवढीच नावे ऐकू येत. आता फिनलंड, स्वीडन, नॉर्वे ही नावेही घराघरांत पोहोचली आहेत. शहराशहरांतले एजंट फलक लावून सांगतात, “फिनलंडला चला, शिक्षण जवळजवळ मोफत, शिकता शिकता नोकरी, खर्च आपोआप निघतो.” बाप रिक्षा चालवतो, आई दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करते, अशा घरातली पदवीधर मुलगी हे ऐकते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे उजेड पडतो. तो उजेड विझवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आमची मुले जगभर गेलीच पाहिजेत. पण जाणाऱ्याच्या हातात पासपोर्टाबरोबर खर्चाचा खरा हिशोबही असला पाहिजे.

आधी ‘मोफत’ या शब्दाचा निकाल लावू. फिनलंडमध्ये एके काळी परदेशी विद्यार्थ्यांनाही फी नव्हती, ही गोष्ट खरी. परंतु २०१७ च्या शरद सत्रापासून युरोपीय संघाबाहेरून येऊन इंग्रजी माध्यमातून पदवी वा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना फी सक्तीची झाली. शेजारच्या डेन्मार्कने २००६ साली, स्वीडनने २०११ साली आणि नॉर्वेने २०२३ साली हेच केले. फिनलंडच्या मोठ्या विद्यापीठांत एम. ए., एम. एस्सी.ची वर्षाची फी दहा हजार युरोच्या पुढे सहज जाते. एक युरो म्हणजे ढोबळमानाने शंभर रुपये धरा आणि गुणाकार करा. पीएच.डी.ला मात्र फी नाही, हे आमच्या संशोधक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. विद्यापीठे शिष्यवृत्ती देतात, पण बहुतेक वेळा ती फीची माफी असते, पूर्ण किंवा अर्धी. फी माफ झाली म्हणजे भाकरी माफ झाली असे नाही. एजंट हा फरक सांगत नाही, कारण त्याचे कमिशन प्रवेशावर असते, पोराच्या पोटावर नसते.

आता मुख्य मुद्दा. फिनलंडचा निवास परवाना हवा असेल तर विद्यार्थ्याने दरमहा ८०० युरो, म्हणजे वर्षाचे ९,६०० युरो, स्वतःच्या खात्यात दाखवावे लागतात. आपल्या रुपयांत ही रक्कम साडेनऊ लाखांच्या वर जाते. मामाच्या किंवा ओळखीच्या साहेबाच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. इथेच खेळ सुरू होतो. कोणी सावकाराकडून महिन्याभरासाठी रक्कम उचलतो, खात्यात ठेवतो, कागद काढतो आणि परवाना हाती आला की व्याजासकट परत करतो. काही एजंट ही ‘सोय’ स्वतःच करून देतात. परवाना मिळतो, विमान उडते आणि मूल हेलसिंकीच्या विमानतळावर उतरते तेव्हा खिशात दोन महिन्यांचेही पैसे नसतात. दाखवायचे पैसे वेगळे आणि जगायचे पैसे वेगळे, असे समजणाऱ्याची फसगत इथूनच सुरू होते. ते ८०० युरो त्या सरकारने हौसेने लिहिलेले नाहीत. तिथे महिना काढायला किमान तेवढे लागतातच.

पटत नसेल तर चला, हिशोब मांडू. हेलसिंकीत विद्यार्थ्यांसाठी होआस नावाची गृहसंस्था आहे. ताम्पेरेत तोआस, तुर्कूत टीवायएस, औलूत पीएसओएएस अशा संस्था आहेत. त्यांच्या सामायिक घरात स्वतंत्र खोली आणि दोघा-तिघांत एक स्वयंपाकघर मिळाले, तर भाडे साधारण ३०० ते ४५० युरो पडते. पाणी आणि घर गरम ठेवण्याचा खर्च बहुधा त्यातच असतो. आपण ३८० धरू. घरी रांधून खाणाऱ्याला जेवणाखाण्याचे २२० लागतात. सवलतीचा बस-मेट्रो पास ४५, फोन २०, विमा, आरोग्य शुल्क आणि विद्यार्थी संघटनेची वर्गणी महिन्याला वाटून ३५, साबण, औषध, वही-पुस्तक, कपडा यांचे ७०. बेरीज झाली ७७०. उरले ३० युरो. तेवढ्यात एकदा केस कापून होतात. आणि हा हिशोब विद्यार्थी संस्थेची खोली मिळाली तरचा आहे. ती मिळाली नाही आणि हेलसिंकीत खासगी एक खोलीचे घर घ्यावे लागले, तर भाड्यालाच ७०० युरो किंवा त्याहून अधिक जातात. म्हणून प्रवेश नक्की होताच पहिला अर्ज खोलीसाठी करावा. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळ्या देशांची मुले एकदम येतात आणि रांग लांबते.

पहिला महिना तर आणखी अंगावर येतो. भाड्याबरोबर अनामत रक्कम भरावी लागते. खासगी घरमालक एक-दोन महिन्यांचे भाडे अनामत मागतो. कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, हे माहीत असू द्या. खोली बहुधा रिकामी मिळते. रिकामी म्हणजे खाट नाही, गादी नाही, पडदा नाही आणि कित्येकदा छताला दिवासुद्धा नाही. ताट-वाटीपासून सारे उभे करायचे. त्यात तिथले बँक खाते उघडायला काही आठवडे जातात, कारण आधी निवास परवान्याचे कार्ड आणि ओळख क्रमांक लागतो. तोवर भारतातून चालणारे कार्ड जवळ नसेल तर पैसे असूनही उपाशी राहण्याची पाळी. पहिल्या महिन्यासाठी मासिक खर्चाशिवाय निदान हजार ते बाराशे युरो वेगळे बाजूला ठेवावेत, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

आणि थंडी! डिसेंबरात हेलसिंकीत दिवसाचा उजेड सहा तासही टिकत नाही. औलूसारख्या उत्तरेच्या शहरात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत घसरतो. नागपूरच्या बाजारातले स्वेटर तिथे काही कामाचे नाही. नवा जाड कोट आणि बर्फातले बूट घ्यायला गेले तर दोनशे युरो सहज जातात. पण तिथे जुन्या वस्तूंचे बाजार आहेत, त्यांना ‘किर्पुतोरी’ म्हणतात. तिथे हाच कोट चौथाई किमतीत मिळतो. जुना कपडा घालण्यात त्या देशात कोणी कमीपणा मानत नाही. डॉक्टरपासून प्राध्यापकापर्यंत सगळे तिथून खरेदी करतात. आमच्या समाजाला दुसऱ्याची उतरण जबरदस्तीने घालायला लावणारी व्यवस्था वेगळी आणि स्वखुशीने केलेली ही काटकसर वेगळी. यात मुलांनी मुळीच संकोच करू नये.

काटकसरीच्या अशा आणखी जागा आहेत. विद्यापीठांच्या भोजनगृहात सरकारी अनुदानामुळे विद्यार्थ्याला साधारण तीन युरोत पोटभर जेवण मिळते. मुख्य पदार्थ, कोशिंबीर, पाव, दूध किंवा पाणी असे सगळे त्यात असते. तेच बाहेर हॉटेलात दुपारी जेवले तर बारा-चौदा युरो जातात. त्यासाठी विद्यार्थी ओळखपत्र लागते, ते पहिल्याच आठवड्यात काढावे. मुदत संपत आलेल्या अन्नावर दुकाने सवलत देतात आणि काही ठिकाणी रात्री नऊनंतर ही सवलत साठ टक्क्यांपर्यंत जाते. बटाटा, गाजर, कोबी, ओट ही तिथली स्वस्त पिके. डाळ-तांदूळ, मसाला हेलसिंकीच्या हाकानिएमी भागातल्या आशियाई दुकानांत मिळतो. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे, बाटली विकत घेऊ नये. घेतलीच तर रिकामी बाटली किंवा डबा दुकानातल्या यंत्रात टाकला की दहा ते चाळीस सेंट परत मिळतात. विद्यार्थ्यांसाठी वायटीएचएस ही आरोग्यसेवा आहे. तिचे सत्राचे शुल्क सुमारे ३५ ते ४० युरो. ते आपणहून भरायचे असते, त्याचे बिल घरी येत नाही. ही सेवा असली तरी परवान्यासाठी खासगी विमा लागतोच. हेलसिंकीपेक्षा ताम्पेरे, औलू, लाप्पेनरांता अशा शहरांत भाडे कमी आहे, याचाही विचार विद्यापीठ निवडताना व्हावा.

आता एजंटाच्या हुकमी एक्क्याकडे वळू. तो म्हणजे ‘शिकता शिकता नोकरी’. परवान्यावर आठवड्याला सरासरी तीस तास काम करता येते, हे खरे. पण काम करण्याची परवानगी असणे आणि काम मिळणे यांत फार अंतर आहे. २०२५ मध्ये फिनलंडमधली बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास होती. युरोपीय संघातल्या सर्वांत जास्त बेकारीच्या देशांत तिची गणना झाली. दुकानात, हॉटेलात, वृद्धाश्रमात उभे राहायचे तर फिनिश भाषा विचारतात. खाद्यपदार्थ हाताळायचे तर ‘हायजीन पास’ची परीक्षा द्यावी लागते. उरते ते साफसफाई, पहाटेची वर्तमानपत्रे टाकणे आणि सायकलवरून जेवण पोहोचवणे. त्यासाठीही शेकडो परदेशी मुले रांगेत उभी असतात. २०२५ साली तिथल्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की फुकट अन्न वाटणाऱ्या संस्थांच्या दारात परदेशी विद्यार्थी उभे दिसू लागले आहेत. यात लाज कुणाची? आमच्या मते ती भुकेल्या पोराची नाही. खोटे स्वप्न विकून ज्यांनी त्याला तिथे पाठवले, त्यांची आहे. शिवाय पैसे संपले म्हणून तिथल्या सरकारचा निर्वाह आधार घ्यावा, तर परवानाच धोक्यात येतो, कारण स्वतःच्या पैशावर जगण्याच्या अटीवरच तो दिलेला असतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की पहिल्या वर्षाच्या हिशोबात नोकरीचा एकही युरो धरू नका. मिळाली तर ती वरकमाई समजा.

मग गरिबाच्या लेकराने जायचेच नाही काय? जरूर जायचे, पण भक्कम पायावर. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मिळून फक्त ७५ जागा आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. दोन्ही योजनांत फीबरोबर निर्वाहभत्ता मिळतो. पण निवड झाल्याचे पत्र मिळणे म्हणजे पैसा हाती येणे नव्हे. २०२५ साली केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला अवघ्या ४० जणांना पत्रे दिली गेली आणि बाकीच्यांना निधी असेल तर पुढे पाहू असे सांगितले गेले. परदेशातले विद्यापीठ आणि घरमालक मंत्रालयाच्या फाईलची वाट पाहत थांबत नाहीत. या जागांत न बसणारा विद्यार्थी कर्जाकडे वळतो. ठरावीक रकमेपुढे बँक तारण मागते आणि तारण ठेवायला घर-जमीन लागते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन राहिल्या, त्यांनी सात-बारा कोठून आणायचा?

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा जाता आले ते १९२० साली. सिडनेहॅम कॉलेजातल्या पगाराची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते गेले. एवढा प्रज्ञावंत माणूस, पण त्याचाही अभ्यास पैशाअभावी तीन वर्षे अडला. बुद्धी कितीही असली तरी परक्या देशात महिना काढायला नगद पैसा लागतो, हाच त्याचा अर्थ.

ज्या घरातले काका-मामा आधीच परदेशात आहेत, त्यांच्या मुलाला पहिली रात्र काढायला घर मिळते, जुना कोट मिळतो, कोणते दुकान स्वस्त हे सांगणारे माणूस मिळते. आमच्या पहिल्या पिढीच्या मुलाला यातले काही मिळत नाही. ही उणीव समाजाने भरून काढायची आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विहारांनी, कर्मचारी संघटनांनी आणि बचत गटांनी जयंतीच्या खर्चातला एक हिस्सा बाजूला काढून ‘पहिल्या तीन महिन्यांचा निधी’ उभारावा. शिष्यवृत्ती येईपर्यंत तो बिनव्याजी द्यावा, आली की परत घ्यावा आणि पुढच्याला द्यावा. जे आधी जाऊन आले त्यांनी एजंटाच्या आधी मुलांच्या घरी जावे आणि खरा खर्च सांगावा. शासनाकडे एकच मागणी लावून धरावी, की भत्त्याचा पहिला हप्ता विमानात बसण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या खात्यात जमा झाला पाहिजे.

मुलांनो, घरच्यांसमोर बसून कागदावर बारा महिन्यांचा हिशोब लिहा. बेरीज जुळत असेल तर बेधडक निघा. जुळत नसेल तर एक वर्ष थांबा, शिष्यवृत्तीचा अर्ज पुन्हा करा, त्या देशाची भाषा शिकायला लागा. वर्षभर थांबल्याने शिक्षण बुडत नाही. सावकाराच्या पैशावर गेलेले मूल सहा महिन्यांत परतले, तर मात्र शिक्षण बुडते, घर बुडते आणि पुढच्या दहा मुलांची हिंमतही बुडते.