साहेबांना माइकसमोर बसवण्याआधी

मागच्या लाइव्ह एपिसोडनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, सगळं आधीच ठरलेलं होतं ना?" खरं सांगायचं तर थोडं ठरलेलं होतं. काय ठरवलं आणि काय मुद्दाम मोकळं ठेवलं, ते आज सांगते. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. माझे 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत.

ज्यांचा तो भाग राहिलाय त्यांच्यासाठी: विषय होता शहरातली हवा. समोर दीडशे माणसं, मध्ये मी, शेजारी प्रदूषण नियंत्रणाचं काम बघणारे एक सरकारी अधिकारी. नाव नको, साहेब म्हणू.

आधी माझी जुनी चूक कबूल करते. दोन वर्षांपूर्वी अशाच कार्यक्रमासाठी मी दुसऱ्या एका अधिकाऱ्यांना सगळे प्रश्न ईमेलवर पाठवले होते. ते उत्तरं टाइप करून घेऊन आले आणि वाचत बसले. "सदर बाबतीत योग्य ती कार्यवाही सुरू आहे." विसाव्या मिनिटाला मागच्या दोन रांगा रिकाम्या! म्हणून यावेळी विषय दिले, प्रश्न दिले नाहीत. आणि एक तास समोरासमोर बसायचं, ही अट घातली.

बसल्या बसल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही रील काढणार का?"

हसू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ असं एक प्रकरण आहे. त्यानुसार सरकारी नोकराला सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. वीस सेकंदांचा तुकडा कापून फिरवला, तर आपल्याला लाइक मिळतात आणि त्यांना खुलासा द्यावा लागतो. वरिष्ठांची लेखी परवानगी त्यांनी आधीच घेतली होती. मी शब्द दिला की क्लिप काढली तर प्रश्नासकट, पूर्ण उत्तराची काढू. एडिट दाखवून मंजूर करून घ्यायची मागणी मात्र मी मान्य केली नाही. ते जरा नाराज झाले, पण उठून गेले नाहीत.

मग रंगीत तालीम. मी चिडलेली नागरिक झाले. "माझ्या फोनवर एक्यूआय १५५ दाखवतोय, तुमच्या सरकारी ॲपवर १००. खोटं कोण बोलतंय?"

साहेब म्हणाले, "खासगी ॲपवर विश्वास ठेवू नका."

इथे मी थांबवलं. समोरचा माणूस त्याच ॲपवर बघून मुलाला खेळायला सोडायचं की नाही ठरवतो. त्याला मूर्ख ठरवलं की पुढचा तास गेला. साहेबांना खरं उत्तर माहीत होतं, फक्त तसं बोलायची सवय नव्हती. ते असं आहे: हवा एकच, मोजपट्ट्या दोन. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक धूळ. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. बरोबर ६० असेल तर भारतीय मोजपट्टीवर १०० येतात आणि शेरा मिळतो 'समाधानकारक'. तीच धूळ अमेरिकन मोजपट्टीवर दीडशेच्या वर जाते आणि शेरा 'आरोग्यास अपायकारक'. बरीच खासगी ॲप्स ही दुसरी पट्टी वापरतात. त्यात काही ॲप्स ताज्या तासाचा आकडा दाखवतात, सरकारी निर्देशांक मात्र २४ तासांच्या सरासरीवर चालतो.

"आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा?" मी विचारलं.

"पंधरा," साहेब हळूच म्हणाले. "२०२१ पासून."

"हे स्टेजवर सांगाल?"

बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, "आकडा जाहीर आहे. सांगेन. आपली मर्यादा बदलायला हवी का, यावर बोलणार नाही." मला हे चालण्यासारखं वाटलं. कुठपर्यंत बोलता येतं हे त्यांनी स्वतः आखलं. स्टेजवरही तेच वाक्य म्हणा, एवढंच मी सांगितलं.

दुसरी अडचण 'आमच्या अखत्यारीत येत नाही' या वाक्याची. ते बऱ्याचदा खरं असतं. बांधकामाच्या राडारोड्याची जबाबदारी मुख्यतः महापालिकेकडे आहे. पण त्याच गल्लीतला आरएमसी प्लांट, म्हणजे तयार काँक्रीट बनवणारा कारखाना, प्रदूषण मंडळाच्या संमतीवर चालतो. संमतीपत्रात अटी असतात आणि त्या मोडल्या तर मंडळ कारवाई करू शकतं. म्हणून आम्ही एक कार्ड बनवलं: कुठला धूर, कुठली धूळ, कोणाचं दार. 'आमचं नाही' म्हटलं की पुढच्याच वाक्यात 'मग कोणाचं' हे यायलाच हवं.

माझीही तयारी होतीच. एका माणसाला एकच उपप्रश्न. शिवी आली तर मी थांबवणार, पण टोचणारा प्रश्न आला म्हणून साहेबांच्या मदतीला धावणार नाही. हे त्यांना आधीच सांगून टाकलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं ते तुम्ही ऐकलंच असेल. मोजपट्ट्यांचं उत्तर छान जमलं, पंधराचा आकडाही आला. मग तिसऱ्या रांगेतल्या एक ताई उठल्या. "आमच्या खिडकीसमोर प्लांट आहे. रात्री दोनला मिक्सर सुरू असतो. मुलाला पंप लागतो. रात्री चालवायची परवानगी आहे का, एवढंच सांगा."

हे कार्डावर नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. अकरा सेकंद शांतता होती, रेकॉर्डिंगमध्ये मोजलीत. मग ते म्हणाले, "मला आत्ता माहीत नाही. फाइल बघून शुक्रवारपर्यंत सांगतो."

हॉलमध्ये कोणीतरी उपहासानं टाळ्या वाजवल्या. ताई मात्र वहीत 'शुक्रवार' लिहून घेत होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी मला मेसेज आला: संमतीपत्राची प्रत आणि खाली एक ओळ, "अट क्रमांक पाहावा, पाहणी लावली आहे." मी तो ताईंना पाठवला. पाहणी झाली की नाही, हे त्या पुढच्या भागात स्वतः सांगणार आहेत. साहेबांनाही बोलावलंय. यावेळी त्यांनी विषयसुद्धा मागितले नाहीत.