बूट होतानाची काटकसर

घरातील राउटर, सेट-टॉप बॉक्स, कारखान्यातील नियंत्रक किंवा विजेचा स्मार्ट मीटर अशा उपकरणांमध्ये एखाद्या ठरावीक कामासाठी बसवलेल्या लहान प्रोसेसरला एम्बेडेड प्रोसेसर म्हणतात. वीजपुरवठा सुरू झाल्यापासून उपकरण कामास सज्ज होईपर्यंतची जी प्रक्रिया घडते, ती म्हणजे बूट होणे. या काळात वेगाविषयी निर्णय घेणारा वापरकर्ता हजर नसतो आणि कामाचा भार मोजणारी यंत्रणाही अजून जागी झालेली नसते. त्यामुळे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेली, म्हणजेच डीफॉल्ट, मांडणी लागू होते.

प्रोसेसरमधील असंख्य सूक्ष्म स्विच चालू-बंद होताना जी वीज खर्च होते, ती वारंवारतेच्या, म्हणजे दर सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांच्या संख्येच्या, सम प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वारंवारता निम्मी केली आणि तिच्यासोबत व्होल्टेजही २० टक्क्यांनी उतरवता आले, तर हा खर्च मूळच्या ३२ टक्क्यांवर येतो. परंतु केवळ गणनेचे तेच काम पूर्ण व्हायला दुप्पट वेळ लागत असल्याने त्या कामाची एकूण ऊर्जा ६४ टक्क्यांपर्यंतच खाली येते. शिवाय त्या वाढलेल्या वेळात स्मृती, नेटवर्कची चिप आणि पडदा हे घटक वीज खातच राहतात, स्विच स्थिर असतानाही होणारी विजेची गळती चालूच असते, आणि त्यामुळे हिशोबात दिसलेली बचत प्रत्यक्षात घटते किंवा उलटतेही. काम झटपट उरकून प्रोसेसरला गाढ विश्रांतीत पाठवावे, हा विचार याच हिशोबातून पुढे आला.

लिनक्स प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यामध्ये, वारंवारतेचे धोरण ठरवणाऱ्या भागाला गव्हर्नर असे नाव आहे. ‘परफॉर्मन्स’ हा गव्हर्नर प्रोसेसरला कमाल वारंवारतेवर ठेवतो, तर ‘पॉवरसेव्ह’ किमान वारंवारतेवर. २००४ मध्ये २.६.९ या आवृत्तीत आलेला ‘ऑनडिमांड’ ठरावीक अंतराने भार मोजून वेग बदलतो, आणि २०१६ मध्ये ४.७ या आवृत्तीत दाखल झालेला ‘शेडयुटिल’ कामांची वाटणी करणाऱ्या शेड्यूलरकडूनच भाराचा अंदाज घेतो. यांपैकी डीफॉल्ट कोणता असावा, हे कर्नल बांधतानाच ठरते. २०२० च्या ५.९ या आवृत्तीपासून मात्र बूट होताना दिलेल्या सूचनेद्वारेही तो निवडता येतो.

‘पॉवरसेव्ह’ हे नाव ऐकून हाच पर्याय सर्वांत काटकसरी असेल असे वाटणे स्वाभाविक असले, तरी तो भाराकडे पाहतच नाही. बूट होताना तर संकुचित कर्नल उलगडणे, हार्डवेअर ओळखणे आणि सेवा सुरू करणे अशी कामे रांगेने येतात, आणि किमान वेगामुळे ती लांबतात. रास्पबेरी पाय या एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या बोर्डांसाठीच्या कर्नलमध्ये ‘पॉवरसेव्ह’ डीफॉल्ट ठेवला गेला आणि पुढे सुरुवातीची एक स्क्रिप्ट त्याच्या जागी ‘ऑनडिमांड’ आणत असे. म्हणजे ती स्क्रिप्ट चालेपर्यंतचा प्रवास किमान वेगाने व्हायचा. पाय ४ या प्रतिरूपात ही किमान वारंवारता ६०० मेगाहर्ट्झ, तर मूळ कमाल १,५०० मेगाहर्ट्झ होती. हा प्रवास वेगाने व्हावा म्हणून फर्मवेअरमध्ये, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या मूलभूत प्रोग्राममध्ये, ‘इनिशियल टर्बो’ ही सोय आहे: तिच्यामुळे बूट सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त ६० सेकंद, किंवा कर्नल स्वतः वारंवारता ठरवेपर्यंत, प्रोसेसर पूर्ण वेगाने चालतो.

तरीही सुरुवात सावधपणे करण्यामागे एक भक्कम कारण आहे. वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढवावे लागते आणि मग वारंवारता, तर उतरवताना हाच क्रम उलटा होतो. व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या चिपशी संवाद सुरू होण्याआधीच वेग वाढवला, तर प्रोसेसर चुकीची गणना करू शकतो किंवा अडकून पडतो. वीजपुरवठ्याचाही विचार करावा लागतो. २०११ मधील मूळ बीगलबोन बोर्डासाठीच्या यू-बूट या बूटलोडरने, म्हणजे कर्नल स्मृतीत आणणाऱ्या प्रोग्रामने, अडॅप्टरची वीज आढळली नाही तर वारंवारता वाढवायचीच नाही असा नियम पाळला, कारण यूएसबीतून मिळणारा प्रवाह मर्यादित असतो.

बचतीचा दुसरा, कमी चर्चिला जाणारा भाग वापरात नसलेल्या घटकांचा आहे. बूटच्या अखेरीस लिनक्स ज्या क्लॉकवर, म्हणजे घटकांना ठोके पुरवणाऱ्या संकेतांवर, कोणत्याही ड्रायव्हरने, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या प्रोग्रामने, हक्क सांगितलेला नाही ती बंद करतो, आणि वापरात नसलेले व्होल्टेज रेग्युलेटर सुमारे ३० सेकंद थांबून बंद करतो. हे योग्यच आहे. मात्र बूटलोडरने चालू केलेल्या पडद्याचा ड्रायव्हर उशिरा आला, तर तोवर पडदा काळा पडू शकतो. अशा वेळी ही सफाई थांबवण्याची सूचना कर्नलला देता येते, पण ती दोष शोधण्यापुरतीच वापरावी. तयार उपकरणात ती तशीच राहिली, तर विजेचा अपव्यय कायमचा होतो.

म्हणून डीफॉल्ट मांडणीचे खरे काम वीज वाचवणे हे नसून, मोजमाप करणारी यंत्रणा जागी होईपर्यंत उपकरण सुरक्षितपणे आणि विनाविलंब चालते ठेवणे हे आहे. उपकरण घडवणाऱ्यांनी बूटलोडरने सोपवलेली वारंवारता, कर्नलचा डीफॉल्ट गव्हर्नर आणि बूटनंतर प्रत्यक्ष लागू असलेला गव्हर्नर या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात, आणि बचतीचा निवाडा नावावरून न करता बूटच्या संपूर्ण काळात खर्च झालेली ऊर्जा मोजूनच करावा.