जन्मानंतरही गर्भच!

कांगारू म्हटले की आईच्या पोटावरील पिशवीतून डोकावणारे पिल्लू आपल्या डोळ्यांसमोर येते. अशा प्राण्यांना शिशुधान प्राणी म्हणतात. ते केवळ ऑस्ट्रेलियात असतात असा सर्वसाधारण समज आहे. परंतु दक्षिण अमेरिकेतही त्यांचे भाऊबंद आहेत. ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे या देशांत आढळणारा, उंदराएवढा करडा ऑपोसम हा त्यांपैकीच एक. शास्त्रीय नाव मोनोडेल्फिस डोमेस्टिका. मौज अशी की, शिशुधान असूनही याच्या मादीला पिशवीच नसते!

मादीचा गर्भकाळ अवघा १४ दिवसांचा. त्यातील बहुतेक दिवस गर्भाभोवती पातळ कवच असते. ते नाहीसे झाल्यावर अखेरचे थोडेच दिवस गर्भ वारेने आईशी जोडलेला राहतो आणि लगेच जन्म होतो. नवजात पिल्लाचे वजन सुमारे ०.१ ग्रॅम, म्हणजे तांदळाचे चार-पाच दाणे! डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढचे पाय आणि तोंड मात्र तयार असते. कारण आईचे स्तनाग्र गाठून त्याला घट्ट धरून राहायचे असते. मेंदूच्या बाह्य थराची घडण तर बव्हंशी जन्मानंतरच होते.

प्रयोगशाळेत या प्राण्याचे महत्त्व आहे ते यामुळेच. घरातल्या उंदराचा गर्भ अभ्यासायचा तर आईचे पोट उघडावे लागते. इथे तीच वाढ बाहेर, डोळ्यांदेखत चालते; मध्ये पिशवीचा आडपडदाही नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्यांची पैदास सुरू झाली. २००७ साली त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. शिशुधान प्राण्यांतील तो पहिलाच. २०२१ साली जपानच्या रिकेन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांत हेतुपुरस्सर बदल करून दाखविला.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे गावाकडे गेलो की, मला सगळेच ठाऊक असणार अशा विश्वासाने माणसे प्रश्न विचारतात. आमच्या आळीतले एक काका आंब्यावरून पडले, ते कंबरेखाली लुळे झाले. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तुटला की पुन्हा जुळत नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आहे. पण तो का जुळत नाही, हे त्यांनी मला विचारले.

त्याचे उत्तर शोधताना हा ऑपोसम मला भेटला. पिल्लू सात दिवसांचे असताना मज्जारज्जूला छेद दिला, तर मज्जातंतू त्या छेदातून पलीकडे वाढतात आणि मोठेपणी ते जवळजवळ नेहमीसारखे चालते. अठ्ठाविसाव्या दिवशी छेद दिला, तर तंतू पलीकडे जात नाहीत. म्हणजे जुळण्याची शक्ती शरीरात मुळात असते. वाढीच्या ओघात ती लोपते. त्या तीन आठवड्यांत नेमके काय बदलते, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. माणसावरील इलाज अजून हाती आलेला नाही.

हे सारे मी काकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या पिल्लांना दुखत नाही का रे?” भूल देऊनच छेद देतात, असे मी म्हणालो. ते म्हणाले, “आणि शुद्धीवर आल्यावर?”