पाच छपरांची एक फेरी

हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरे म्हणून ओळखली जातात. परंतु या जुळ्यांचे स्वभाव मात्र कधी जुळले नाहीत. हुबळी ही बाजारपेठेची आणि रेल्वेच्या कारखान्याची; धारवाड विद्येचे, पेढ्यांचे आणि झिमझिम पावसाचे. १९६२ साली दोहोंची मिळून एक महापालिका झाली. दोहोंना जोडणाऱ्या पुणे-बंगळूर रस्त्यावर पुढे नवनगर ही आखीवरेखीव वसाहत वाढीस लागली. दोन गावे आणि मधला रस्ता, असे या शहराचे रूप आहे. साहजिकच येथील जीवनाचा पहिला प्रश्न कोणता, तर ‘जायचे कसे?’ हाच.

या प्रश्नाची उत्तरे शोधण्यात आपला हा प्रदेश कधी मागे नव्हता. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय धारवाडात होते. त्याच वास्तूत पुढे कर्नाटक कॉलेज आले आणि आजही ते तेथेच नांदते आहे. पलीकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली सायकलींच्या छोट्याशा दुकानातून झाला, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. त्या दोन चाकांना कोळसाही लागत नव्हता आणि तेलही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, वाहने बदलली, वेग वाढला. आणि आता त्याच प्रश्नाला नवे शेपूट फुटले आहे. जायचे कसे, आणि तेही हवा न बिघडवता?

या दिशेने हुबळी-धारवाडाने टाकलेले सर्वांत मोठे पाऊल म्हणजे बीआरटीएस, अर्थात बससाठी राखून ठेवलेला जलद मार्ग. जागतिक बँकेच्या साहाय्याने उभारलेला सुमारे २२ किलोमीटरांचा हा मार्ग. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यावर प्रायोगिक फेऱ्या सुरू झाल्या, आणि २ फेब्रुवारी २०२० रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले. येथील वातानुकूलित बसगाड्यांना ‘चिगरी’ हे नाव दिले आहे. कन्नडात चिगरी म्हणजे हरिण. रस्त्याच्या मध्यभागी स्वतंत्र मार्गिका, तेथेच उंच फलाट, तिकीट आधी काढावयाचे आणि फलाटावरून पायरी न चढता सरळ गाडीत पाऊल टाकावयाचे, अशी ही योजना. वृद्धांना आणि गुडघेदुखीने त्रासलेल्यांना ती वरदानच वाटावी.

मात्र एक गोष्ट सुरुवातीसच स्पष्ट केली पाहिजे. ही चिगरी डिझेलवर धावते. मग तिला स्वच्छ वाहतूक कशी म्हणावी, असा आक्षेप सुज्ञ वाचक घेतील. आम्ही पेशाने शिक्षक. तेव्हा हिशेब मांडल्यावाचून उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

मोठी वातानुकूलित बस एका लिटरमध्ये सुमारे ३ किलोमीटर जाते असे धरू. हुबळी ते धारवाड २२ किलोमीटरांस सात-साडेसात लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन वायू हवेत जातो. म्हणजे एका खेपेस सुमारे २० किलो. तेच अंतर स्कूटरने कापले तर अर्धा लिटर पेट्रोल लागते आणि किलोभराहून थोडा अधिक वायू निघतो. मोटारीस दीड लिटर पेट्रोल लागते आणि साडेतीन किलोच्या आसपास वायू निघतो. याचा अर्थ असा की, सहा मोटारी अथवा अठरा स्कूटरी मिळून जितका धूर सोडतात, तितका एक बस सोडते. बसमध्ये पन्नास माणसे असली तर माणशी चारशे ग्रॅमच पडतात. पण त्याच बसमध्ये दहाच माणसे असली तर माणशी दोन किलो! तेव्हा बस स्वच्छ की अस्वच्छ, हे तिच्या टाकीत काय आहे यापेक्षा तिच्या आसनांवर किती माणसे बसली आहेत, यावर अधिक अवलंबून आहे.

आता दुसरी बाजू. विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांचा काळ आला आहे. २०१८ सालच्या चिगरी आता जुन्या होत चालल्या आहेत, आणि त्यांच्या जागी विजेची वाहने आणण्याचे विचार या शहरातही बोलले जातात. हे स्वागतार्हच आहे. विजेच्या बसमागे धूर नाही, घरघर नाही. रस्त्याकाठच्या शाळेतील मुलांच्या छातीत काजळी जाणार नाही, हा लाभ थोडा नव्हे. तथापि येथेही हिशेब सोडून चालत नाही. अशी बस किलोमीटरला सुमारे १.३ युनिट वीज घेते. म्हणजे धारवाडपर्यंतच्या एका खेपेस जवळजवळ २९ युनिट. देशातील सरासरी विजेच्या एका युनिटामागे अद्यापही सुमारे ०.७ किलो कार्बन वायू निघतो, कारण तिचा मोठा भाग कोळशापासून होतो. गुणाकार करून पाहावा. उत्तर पुन्हा २० किलोच्या जवळच येते. शहरातला धूर दूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून बाहेर पडला, इतकेच. वीज ज्या प्रमाणात ऊन, वारा आणि पाणी यांपासून येईल, त्याच प्रमाणात बस खऱ्या अर्थाने स्वच्छ होईल.

सुदैवाने कर्नाटकाची स्थिती या बाबतीत देशाच्या सरासरीहून बरी आहे. तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे २०५० मेगावॉटचे सौरक्षेत्र आहे. त्याची जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता खंडाने घेतली, ही त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. आपल्या शेजारच्या गदग परिसरात पवनचक्क्या फिरतात, पश्चिमेस काळी नदी वीज देते. धारवाडकडे पावसाळ्यात आभाळ आठवडे-आठवडे झाकोळलेले असते, मग सौर वीज कशी पुरणार, असे काही जण विचारतात. परंतु त्याच दिवसांत वारा जोर धरतो आणि घाटातील धरणे भरतात. निसर्गाने ही वाटणी बरीच समंजसपणे केली आहे.

मग आपल्या घराचे काय? आमच्या पिढीने न्हाणीघरात तांब्याचा बंब पाहिला, पुढे गच्चीवर सौर बंब आला. ऊन कामास लावण्याची सवय आपणांस अगदीच नवी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. तीन किलोवॉटच्या संचास तीत ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. असा संच बसवण्यास सुमारे तीनशे चौरस फूट गच्ची लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर तो रोज १२ युनिटांच्या आसपास वीज देतो. दिवसा उरलेली वीज तारांतून मंडळाकडे जाते आणि बिलात तिची वजावट मिळते. सामाईक गच्ची असलेल्या गृहनिर्माण संस्थांनाही सामाईक वापराच्या विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि त्यात वाहने भारित करण्याची सोयही धरलेली आहे.

पाच घरांच्या छपरांवरची एका दिवसाची वीज ६० युनिट. विजेच्या बसला हुबळी-धारवाड जाऊन येण्यास लागतात ५८ युनिट. पाच छपरांवर एक फेरी! बस दिवसात अशा अनेक फेऱ्या करते, आणि घरासही वीज लागते. तेव्हा पाच घरांनी बस चालणार नाही हे उघड आहे. परंतु नवनगर, विद्यानगर, सप्तापूर येथील गच्च्या मोजू लागलो, तर हे काम आवाक्याबाहेरचे नाही एवढे निश्चित कळते. हुबळी वीज पुरवठा कंपनीचे, म्हणजे हेस्कॉमचे मुख्य कार्यालय नवनगरातच आहे आणि चिगरीचा मार्गही नवनगरातूनच जातो. छप्पर, वीज आणि बस यांची गाठ पडावयास याहून सोयीची जागा कोणती असणार?

अडचण आहे ती अन्यत्र. २०२३ पासून कर्नाटकात ‘गृहज्योती’ योजनेखाली २०० युनिटांच्या मर्यादेत, घराच्या पूर्वीच्या सरासरी वापराहून थोडी अधिकपर्यंत, वीज विनामूल्य मिळते. गरीब घरास तिचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. पण ज्यास गच्चीही आहे आणि ऐपतही आहे, तो मध्यमवर्गीय गृहस्थ म्हणू लागतो, ‘बिलच येत नाही, मग लाखभर रुपये छपरावर कशास घालू?’ त्याचा हिशेब त्याच्या घरापुरता चुकीचा नाही. गावाच्या दृष्टीने मात्र तो अपुरा आहे. फुकटाची वीजही कोठेतरी काहीतरी जाळूनच येत असते.

आणि याहून मोठी चिंता मार्गिकेची आहे. दिल्लीतील बसमार्गिका २०१६ मध्ये उखडण्यात आली. भोपाळात २०२४ मध्ये तेच झाले. ज्या इंदुरात मराठी घरे पिढ्यानुपिढ्या नांदत आहेत, तेथील मार्गिका हटवण्यास २०२५ मध्ये उच्च न्यायालयाची संमती मिळाली. पुण्याने २००६ साली या प्रयोगास आरंभ केला, आणि तेथेही नगर रस्त्यावरील मार्गिका काढून टाकली गेली. उलट अहमदाबादेतील २००९ पासूनचा ‘जनमार्ग’ टिकून आहे. हुबळी-धारवाडातही मार्गिकेविरुद्ध कुरकुर आहे. रुंदीकरणात झाडे गेली, इतर वाहनांस रस्ता अरुंद झाला, पावसात पाणी तुंबते, फलाट गाठण्यास वाहनांच्या ओघातून जावे लागते, अशा तक्रारी आहेत. त्या खोट्या नाहीत. त्यांची दुरुस्ती झालीच पाहिजे, आणि झाडे पुन्हा लावलीच पाहिजेत. पण डोकेदुखीवर शिरच्छेद हा उपाय नव्हे. मार्गिका गेली की बस वाहनांच्या गर्दीत अडकते. अडकली की माणसे तिला सोडतात. आणि मग ती विजेवर धावो वा सूर्यावर, रिकामी बस कोणाचीही हवा शुद्ध करीत नाही.

म्हणून आमचे सांगणे क्रमाविषयी आहे. प्रथम मार्गिका राखावी आणि बस भरावी. मग तिचे इंधन बदलावे. आणि त्या इंधनासाठी आपापल्या गच्चीवरचे ऊन खर्ची घालावे. पहिल्या कामास पैसा लागत नाही, सरकारी आदेशही लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस स्कूटर घरी ठेवून बसने जाणे, एवढे आपल्या हाती आहे. दुसऱ्या कामासाठी नागरिकांनी महापालिकेकडे आणि परिवहन मंडळाकडे नेटाने मागणी करावी. तिसऱ्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलानातवंडांसह एकदा गच्चीवर जावे आणि टेप घेऊन तीनशे चौरस फूट मोजून पाहावेत.

ज्या भूमीत आपण पिढ्यानुपिढ्या अन्न खाल्ले, तिची हवा राखणे हे आपले कर्तव्य आहे. हुबळीत असो, इंदुरात असो वा बडोद्यात, आपली भाषा आपण परमुलखात जतन केली ती रोज बोलून. गावाची हवाही तशीच, रोजच्या वागण्यातून जतन करावयाची असते.